कोणतं कर्जत?

आम्ही मुंबईतला गाशा गुंडाळून कर्जतला घर बांधलं, तेव्हाची गोष्ट. वास्तुशांतीचं आमंत्रण द्यायला बार्शीच्या काकांना, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांना फोन केला. म्हटलं, "काका, सरळ कर्जतला या. स्टँडवर उतरा, मी घ्यायला येतो." काका खूश. म्हणाले, "कर्जत व्हय? मग जवळच की रे!" ते 'जवळच' मला क्षणभर खटकलं, पण घरात भटजी, मंडपवाला आणि केळीचे खुंट यांची एकच गर्दी. सोडून दिलं.

ठरल्या दिवशी अकराच्या सुमाराला फोन आला. "आलो बघ. स्टँडवर उभा हाय."

"मीपण स्टँडवरच आहे, काका. कुठे आहात नेमके?"

"रसवंतीपाशी."

मीही रसवंतीपाशीच उभा होतो. चरकाचे घुंगरू वाजत होते, फोनमधूनही घुंगरू ऐकू येत होते. मी रसवंतीला एक प्रदक्षिणा घातली. काकांनीही तिकडे घातली असणार. "हात वर कर," ते म्हणाले. मी भर स्टँडवर हात वर करून उभा राहिलो. दहाएक मिनिटं हा प्रकार चालला. मग ते वैतागून म्हणाले, "आरं, ती राशीनची गाडी लागलीया, तिच्यापुढं ये!"

राशीन म्हटल्यावर माझा हात आपोआप खाली आला. काका अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कर्जतला होते आणि मी रायगडातल्या. मध्ये अख्खा पुणे जिल्हा पसरलेला.

या गोष्टीवर आमच्याकडे अजून हसतात. मी मात्र नंतर बरेच दिवस तिच्याबद्दल विचार करत राहिलो, कारण त्यात चूक कोणाची ते सापडेना. मी खोटं बोललो नव्हतो. शब्द स्पष्ट होता, फोनला रेंज चांगली होती, काकांचे कान शाबूत. शब्दन् शब्द पोचला होता, फक्त अर्थ पोचला नव्हता. आणि त्याहून गंमत अशी, की पोरगं मुंबई सोडून आपल्या बाजूला राहायला आलं, याचा काकांना मनापासून आनंद झाला होता. जे व्हावंसं वाटत होतं तेच त्यांनी ऐकलं. आपण सगळे असंच ऐकतो. बोलणाऱ्याच्या डोक्यात एक कर्जत असतं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात दुसरं, आणि दोघंही आपापल्या रसवंतीपाशी हात वर करून उभे असतात.

नीट बोलायला शिकायचं म्हणजे भाषण करायला शिकायचं, असा आपल्याकडे समज आहे. आवाज, आत्मविश्वास, हातवारे वगैरे. त्याचे वर्ग चालतात, चालोत. पण घरात, कचेरीत, शेतावर जे घोटाळे होतात ते आवाज पडल्यामुळे होत नाहीत. समोरच्याने काय ऐकलं, हे तपासायची आपल्याला सवय नसते म्हणून होतात. ही सवय लावून घेता येते, आणि ती शिकायला कर्जत-खालापूरसारखी जागा नाही. इथली नावंच फसवी आहेत.

खालापूर तालुक्यात महड आहे, अष्टविनायकांतला वरदविनायक तिथला. त्याच जिल्ह्याच्या दक्षिण भागात महाड आहे, चवदार तळ्याचं. एका कान्याचा फरक, आणि अंतर शंभर किलोमीटरच्या वर. मोबाइलमध्ये इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की तो कानाही गळून पडतो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर चौक नावाचं गाव आहे. "मी चौकात थांबलोय" असं कोणी म्हटलं, की माणूस गावात आहे की नाक्यावर, ते देवच जाणे. लोकलच्या इंडिकेटरवर 'के' दिसला की नवखा माणूस धावत चढतो, त्याला वाटतं कर्जत. 'के' म्हणजे कल्याण. कर्जतला 'एस', खोपोलीला 'केपी' आणि कसाऱ्याला 'एन'. रोज जाणाऱ्याला हे श्वासाइतकं सवयीचं झालेलं असतं, त्यामुळे पाहुण्याला ते सांगायचं राहून जातं. आणि सगळ्यावर कडी म्हणजे 'अप' आणि 'डाऊन'. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी अप. म्हणजे पुण्याहून येणारी अप गाडी बोरघाट उतरते आणि मुंबईहून जाणारी डाऊन गाडी घाट चढते! आमच्याकडचा म्हातारा माणूस 'वर गेलाय' म्हणतो तेव्हा तो घाटमाथ्याबद्दल बोलत असतो, आणि रेल्वेचा माणूस 'अप' म्हणतो तेव्हा तो मुंबईबद्दल. दोघंही बरोबर.

सारख्या नावांचा हा घोळ टपाल खात्यानेही भोगला आहे. त्यावरचा उपाय काढला तो एका मराठी माणसाने. श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे मोठे पंडित. संस्कृतात काव्यं आणि नाटकं लिहिणारा हा माणूस. एकाच नावाची गावं, निरनिराळ्या लिप्यांत लिहिलेले पत्ते, यातून वाट काढण्यासाठी त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड आखला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो देशभर सुरू झाला. आमचं कर्जत ४१०२०१, काकांचं कर्जत ४१४४०२. पहिले दोन आकडे एकच, तिसऱ्या आकड्याला वाट फुटते. शब्दांवर ज्याचं निस्सीम प्रेम होतं, त्याच माणसाने ओळखलं की पत्त्यासाठी नुसता शब्द पुरत नाही, त्याला एक खुंटी लागते.

तेव्हा पहिली सवय ही खुंटी ठोकायची. महत्त्वाच्या प्रत्येक निरोपात अशी एक गोष्ट घाला, जिच्यामुळे दुसरा अर्थ निघूच शकणार नाही. 'परवा' या शब्दाला आपल्या भाषेत दोन तोंडं आहेत, एक मागे आणि एक पुढे. म्हणून परवा म्हटलं की लगेच वार आणि तारीख सांगा. 'रविवारी रात्री साडेबाराची गाडी' असं कधीही लिहू नका. बारा वाजून गेले की सोमवार लागतो, आणि तिकीट काढणारा माणूस चोवीस तास चुकतो. 'रविवारची रात्र उलटल्यावर, सोमवार लागतो तेव्हा' इतकं लांबण लावलं तरी चालेल. आकडा सांगताना तो दोनदा सांगा: "एकोणसाठ, पाच-नऊ." एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत मराठी माणसाचीच जीभ अडखळते, मग मराठी शिकणाऱ्याचं काय होत असेल! २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला स्वतःला 'एकवीस'च गोड लागतं, पण फोनवर बँकेचा खाते क्रमांक सांगताना मी निमूटपणे एकेक अंक सुटा सुटा सांगतो.

खुंटी ठोकली तरी काम अर्धंच होतं. उरलेलं अर्धं समोरच्याकडे असतं. यासाठी मला रेल्वेच्या फाटकावरची एक जुनी रीत फार आवडते. आता आमच्या भागातल्या बऱ्याच फाटकांवर पूल झाले, पण लहानपणी आमच्या एका मामांच्या फाटकावर मी तासन् तास बसलेलो आहे. कौलारू खोली, भिंतीला हिरवा-लाल झेंडा, कंदील आणि टेबलावर फोन. फोन वाजायचा. पलीकडून स्टेशनमास्तर गाडीची वर्दी द्यायचे. मामा उठून फाटक बंद करायचे, कुलूप लावायचे, दोन्ही बाजूंना बघायचे. मग परत येऊन एका छापील कागदावरचा पुढचा आकडा फोनवर सांगायचे, समजा 'अडुसष्ट, सहा-आठ'. पलीकडून तो आकडा परत म्हणून दाखवला जायचा, लिहून घेतला जायचा. मग मामा पेन्सिलीने त्या आकड्यावर काट मारायचे. याला रेल्वेत प्रायव्हेट नंबर म्हणतात.

मी विचारलं होतं, की 'फाटक बंद केलं' एवढं सांगितलं तर नाही का चालणार? मामा म्हणाले, "अरे, बंद केलं असं झोपेत पण म्हणता येतं." त्या कागदावरचे आकडे कुठल्याच क्रमाने नसतात, त्यामुळे पुढचा कोणता ते पलीकडच्याला माहीत असायचं कारण नाही, आणि कागद समोर घेतल्याशिवाय मामांनाही सांगता यायचं नाही. म्हणजे आकडा सांगायला माणूस जागा लागतो, जागेवर लागतो आणि काम करून आलेला लागतो. 'हो'ला ही ताकद नाही.

मराठीतला 'हो' तर फारच निसरडा. 'हो' म्हणजे ऐकलं, 'हो' म्हणजे समजलं, 'हो' म्हणजे पटलं, आणि पुष्कळदा 'हो' म्हणजे आता फोन ठेव. 'बघतो', 'करतो', 'बघू' ही त्याचीच भावंडं. यांतल्या 'बघू'चा अर्थ बहुधा नाही असाच असतो, हे लग्नाच्या बोलणीत मुरलेल्या माणसाला लगेच कळतं, बाकीच्यांना महिन्याने.

मग घरात काय करायचं? समोरच्याला 'समजलं का?' असं विचारू नका. त्याचं उत्तर 'हो'च येणार, नाही म्हणायला लाज वाटते. त्याऐवजी काम त्याच्या तोंडून वदवून घ्या. मात्र परीक्षा घेतल्यासारखं नको, विशेषतः मोठ्या माणसांशी. मी वडिलांना रक्तदाबाची गोळी बदलल्याचं सांगितलं होतं: "बाबा, आता अर्धीच घ्यायची." त्यांनी मान हलवली. आठवड्याने पाकीट मोजलं तेव्हा कळलं, की सकाळी अर्धी आणि रात्री अर्धी चालली आहे. माझ्या मनात दिवसाकाठी अर्धी होती. चूक माझी, मी वेळ सांगितलीच नाही. तेव्हापासून मी म्हणतो, "बाबा, मी सांगताना नेहमी काहीतरी विसरतो. उद्याच्या गोळ्या कशा घ्यायच्या ते तुम्ही मला सांगा बघू." विसरण्याचं माप स्वतःच्या पदरात घेतलं की म्हाताऱ्या माणसाचा मान राहतो आणि चूकही सापडते. आता तर ते बोलत नाहीत, टेबलावर गोळ्या मांडून दाखवतात. फाटकवाल्या मामांना हे आवडलं असतं.

मापाचंही असंच. कर्जतचं भात संशोधन केंद्र कोकणात सगळ्यांना माहीत आहे. 'कर्जत' या नावाच्या भाताच्या जातीच आहेत, कर्जत-३ वगैरे. तिथून शेतीची माहिती येते ती हेक्टरात, आणि आमच्याकडचा शेतकरी विचार करतो तो गुंठ्यात. 'हेक्टरी १०० किलो नत्र' हे वाक्य शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे, पण बांधावर उभ्या असलेल्या बाईच्या हातात आहे युरियाचं पोतं आणि पायाखाली आहेत सात गुंठे. तिच्यासाठी ते वाक्य असं व्हायला हवं: युरियात नत्र असतं ४६ टक्के, तेव्हा गुंठ्याला साधारण दोन किलो दोनशे ग्रॅम युरिया, आणि तोही एकदम ओतायचा नाही, लावणीपासून हप्त्याहप्त्याने द्यायचा. हिशेब सांगणाऱ्याने करायचा असतो. ऐकणाऱ्यावर सोपवला, की तो अंदाजाने मूठ टाकतो. तुम्ही शेतकरी नसाल, तरी तुमचे 'हेक्टर' तुमच्याकडे असणारच. डॉक्टरांचे असतात, वकिलांचे असतात, आयटीतल्या मुलांचे तर विचारूच नका.

भाताचा विषय निघालाच आहे तर त्याच शेतातली एक युक्ती लिहिण्यासाठी उसनी घ्या. पेरणीआधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकायचे, तळाशी बसलेलं भरीव बी चांगल्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवायचं. साध्या पाण्यात जे हलके दाणे बुडतात, ते खाऱ्या पाण्यात तरंगतात, एवढंच त्यातलं शास्त्र. लांबलचक निरोप लिहून झाला की असंच करून बघावं. "खरं तर", "एकंदरीत", "आपल्याला माहीतच आहे की", "सांगायचं तात्पर्य" हे सगळे तरंगणारे दाणे. खाली काय उरतं? बऱ्याचदा एक वाक्य. कधीकधी काहीच उरत नाही, मग तो निरोप पाठवायचीच गरज नव्हती.

आता जरा अवघड भाग. आत्तापर्यंतच्या चुका गैरसमजाच्या होत्या, पण रागाच्या भरात माणूस स्पष्टच बोलतो. फारच स्पष्ट.

ओळखीच्या एका घरातला प्रसंग सांगतो. आमच्या भागात जमिनींचे भाव चढले, फार्महाऊसवाले आले, आणि घरोघरी सातबारे कपाटातून बाहेर निघाले. भावाने बहिणीला मेसेज केला, "तू फक्त सहीला ये, बाकी सगळं मी बघतो." त्याच्या मनात असं, की ताई पुण्याहून येणार, तिला तलाठी आणि रजिस्ट्रारच्या खेपा कशाला? ताईने वाचलं ते असं, की आपली किंमत एका सहीपुरती. आणि तो कागद हक्कसोडपत्राचा असेल ही शंका तिच्या मनात आधीपासून होतीच. रात्री अकरा वाजता तिने कुटुंबाच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. भावाने सहा लिहिल्या. वहिनीने दोनच लिहिल्या, पण त्या पुरल्या. मध्यरात्रीपर्यंत वीस वर्षांपूर्वीचं लग्नातलं मानपान वर आलं. सकाळी कोणीतरी मेसेज खोडले, पण ग्रुपमधल्या चौदा माणसांनी ते वाचले होते.

हे ऐकलं तेव्हा मला घाट आठवला. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. चढ सदतिसास एक, म्हणजे दर सदतीस मीटरला एक मीटर. रेल्वेच्या मानाने हा उभा कडाच. चढणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात, त्यांना बँकर म्हणतात. ती लागेपर्यंत खाली उतरून वडापाव खायचा, हा आमच्या स्टेशनचा लौकिक. पण खरी काळजी असते ती उतरणाऱ्या गाडीची. उतारावर ब्रेक सुटले तर गाडी काही केल्या थांबत नाही. म्हणून घाटात जागोजागी मुख्य रुळाला एक फांदी काढलेली आहे, चढावर जाऊन संपणारी. तिला कॅच साइडिंग म्हणतात. गंमत सांध्यात आहे. सांधा मुळातच त्या फांदीकडे लावलेला असतो. म्हणजे काहीच केलं नाही तर गाडी फांदीत जाणार आणि चढावर दमून थांबणार. ड्रायव्हरने गाडी आधी पूर्ण उभी करायची, ती ताब्यात आहे हे दाखवायचं, तेव्हा सांधा मुख्य रुळाकडे वळतो आणि सिग्नल मिळतो. पुण्याहून येताना मंकी हिल, ठाकूरवाडी, जांबरुंग अशा ठिकाणी गाडी उगाच थांबल्यासारखी वाटते, ती या घाटाच्या शिस्तीमुळे. ना स्टेशन ना फलाट, फक्त बोगद्यातून येणारा गार वारा आणि खिडकीशी येणारी माकडं. नवीन प्रवासी चिडतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवं, की ब्रेक उत्तम असले तरी इथे थांबावंच लागतं. ब्रेक बिघडला आहे हे कळेपर्यंत थांबायची वेळ निघून गेलेली असते.

रागाचंही हेच. "मला राग आला की मी थांबेन" असं ठरवून उपयोग होत नाही, कारण राग आला आहे हे रागावलेल्या माणसाला सगळ्यात शेवटी कळतं. सांधा आधीच लावून ठेवायला हवा. काही नियम राग नसतानाच करून टाका. जमीन, पैसा, आईवडिलांचं आजारपण आणि लग्न या चार विषयांवर रात्री नऊनंतर लिहायचं नाही, आणि ग्रुपवर तर कधीच लिहायचं नाही. लिहिल्यावाचून चैन पडत नसेल तर जरूर लिहा, पण मेसेजच्या चौकटीत नको, वहीत लिहा. चौकटीत लिहिलेलं अंगठा घसरून जातं. सकाळी वही वाचा. जे तेव्हाही पाठवावंसं वाटेल ते पाठवू नका, फोन करून बोला. आणि फोनवर पहिलं वाक्य खुलाशाचं नको, प्रश्नाचं हवं: "ताई, माझ्या मेसेजमधलं तुला काय लागलं?" मग गप्प बसा. ती शांतता फार लांब वाटते, पण घाटातल्या थांब्यापेक्षा लांब नसते.

त्या घरात पुढे हेच झालं. भाऊ चौथ्या दिवशी गाडी काढून पुण्याला गेला, सोबत कागदाचा मसुदा. ताईने तो वाचला, दोन ठिकाणी बदल करवून घेतले. पूर्वीसारखं सगळं झालं असं मी म्हणणार नाही. दिवाळीला येणं-जाणं आहे.

दुसऱ्यांशी बोलण्यातल्या गफलती या झाल्या. तीच गफलत आपण एकट्याने विचार करतानाही करतो, आणि तिथे परत म्हणून दाखवायला पलीकडे कोणी नसतं. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर आला. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं मिळालीच नाहीत. गाडीरस्ता नसलेल्या त्या वाडीत मदत करणारे लोक पावसात, अंधारात चालत चढले. नंतर कळलं, की दरडप्रवण गावांच्या यादीत ही वाडी नव्हती. या घटनेबद्दल दुरून शहाणपण सांगायचा मला अधिकार नाही. पण 'यादीत नाही' या दोन शब्दांनी मला विचारात पाडलं. यादीत नाही याचा अर्थ एवढाच, की यादीत नाही. आपलं मन त्याचं भाषांतर 'धोका नाही' असं करतं. तपासणीत काही निघालं नाही म्हणजे आजार नाही, मुलगा तक्रार करत नाही म्हणजे सुखात आहे, हेही तसलंच भाषांतर.

डोंगराखाली राहणाऱ्यांसाठी याचा उपयोग सरळ आहे. जमिनीला नवी भेग, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, झाडं-खांब कलणं, दारं-खिडक्या एकाएकी अडकायला लागणं, यांतलं काहीही दिसलं तर यादी विचारत बसू नये, निघावं. आणि दुसऱ्याला सांगताना 'सावध राहा' म्हणू नये. सावध राहायचं म्हणजे नक्की काय करायचं? "आज रात्री सगळ्यांनी खालच्या गावात झोपायचं, अंथरूण आणि औषधं घ्या, दिवेलागणीच्या आत निघा," हा निरोप. माणसाला काळजी दिली की तो काळजी करत घरात बसतो. काम दिलं तर उठतो.

असं स्पष्ट सांगणारं माणूस जवळ असणं हे भाग्यच, आणि त्याचं ऐकणं हे त्याहून अवघड. याच खालापूर तालुक्यात चावणी गावाजवळ, अंबा नदीच्या काठी, उंबरखिंडीचं स्मारक आहे. फेब्रुवारी १६६१मध्ये मुघल सरदार कारतलबखान कुरवंडे घाटाने फौज घेऊन उतरला आणि रानात शिवाजी महाराजांच्या वेढ्यात सापडला. पुढे वाट नाही, मागे वाट नाही, प्यायला पाणी नाही. त्याच्यासोबत माहूरची सरदारीण रायबागन होती. ती खानाची मर्जी सांभाळत बसली नाही. इथे फौज घालण्यातच चूक झाली, आता शरण जाणं हाच मार्ग, असं तिने त्याला तोंडावर सांगितलं. आपण तिला श्रेय देतो ते ठीकच, पण भर सैन्यात आपली चूक ऐकून घेऊन वकील पाठवणाऱ्या खानालाही थोडं द्यायला हरकत नाही. त्यामुळे त्याची उरलेली माणसं जिवंत परत गेली. आपल्याभोवती एक तरी रायबागन असू द्यावी. तिने काही सांगितलं, की निदान पहिली दोन मिनिटं स्वतःची बाजू मांडायची नाही, एवढं पथ्य पाळावं.

मी एक छोटी वही बाळगतो. लोकलने येताना बदलापूर गेलं की डबा रिकामा होतो. मग वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी, तेवढ्या वेळात त्या दिवसाची एकच नोंद करतो. मी काय म्हणालो आणि समोरच्याने काय ऐकलं. सुरुवातीला वाटायचं, लिहिण्यासारखं रोज काय असणार? महिनाभरात कळलं, की रोज असतं. वर्षभराची वही चाळली तेव्हा एक गोष्ट दिसली, माझ्या निम्म्या घोटाळ्यांत 'लगेच' हा शब्द आहे. माझ्या 'लगेच'ला संध्याकाळ होते, बायकोच्या 'लगेच'ला गॅसवर दूध असतं. आता मी घड्याळाची वेळ सांगतो. तुमच्या वहीत दुसरा कुठला शब्द निघेल. तो आधीपासून ठाऊक असता, तर वहीची गरजच नव्हती.

गेल्या महिन्यात बार्शीहून काकांचा फोन आला. आता वय झालंय, पण आवाज तसाच खणखणीत.

"शनिवारी येतोय. चौदा तारीख, एक-चार. कर्जत, जिल्हा रायगड, चार-एक-शून्य-दोन-शून्य-एक. खोपोलीवरनं गाडी बदलून दुपारी तीनला पोचतो. आता तू म्हणून दाखव."

मी सगळं म्हणून दाखवलं.

"आणि उभं कुठं ऱ्हायचं?"

"रसवंतीपाशीच रा... " म्हणता म्हणता मी थांबलो. "काका, ती रसवंती बंद झाली हो. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे."

पलीकडे जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"हिकडं हाय अजून," काका म्हणाले.